पावशेराच्या पुड्या

चैत्रात गंगावेशीतल्या आमच्या कांडपात
सकाळी सहापासून शिंका.
संकेश्वरी तिखटाला, ब्याडगी रंगाला,
खोबरं, तीळ, धणे, तळलेला कांदा,
लसूण सगळ्यात शेवटी.
दोन बरण्या बाजूला काढतो,
वर हिंगाचा खडा, तोंडाला सुती फडकं.
एक मुंबईला, चारकोपला, प्रतिभाताईकडं,
एक चेन्नईला, अड्यारला, कल्याणीकडं.

दोन्ही शहरं मी पाहिलीत ती बारशापुरती.
पण तिथलं हवामान तोंडपाठ आहे,
चटणीमुळं.

आषाढात ताईचा फोन:
"अरे, बरणीत चमचा उभा राहतोय.
मीठ पाघळलं, पट्ट्याला हिरवी लव आली,
चादर चार दिवस पंख्याखाली आहे."
त्याच आठवड्यात कल्याणी म्हणते,
"गच्चीवर सांडगे घातलेत. दुपारी खडखडीत."
आषाढात सांडगे!
आई फोन माझ्या हातात देऊन
भिंतीवरचं कॅलेंडर बघून आली,
पोरगी चुकली की महिना.

आमच्याकडं तेव्हा राजाराम बंधारा पाण्याखाली,
अख्खी गल्ली फुटांत बोलणारी.
"किती?"
"अडतीस, पाच इंच."
रामराम नाही, चहा घेतला का नाही.
कांडप बंद. मिरची वातड होते, पट्टा घसरतो.

दसरा सरला की ताई म्हणते, भट्टी आहे नुसती,
समुद्र हाकेवर आणि वारा कुठं गेला देव जाणे.
आणि कार्तिकात, इथं गुऱ्हाळांचा धूर
ऊसगाड्यांच्या मागं मागं गावात शिरतो तेव्हा,
कल्याणीच्या बिल्डिंगखाली स्कूटर तरंगते.
"शाळा बंद. लाइट नाही.
फ्रीज म्हणजे आता नुसतं कपाट,
त्यात तुझी बरणी."

थंडीचं तर बोलूच नका.
ताईचा स्वेटर वर्षातनं सहा दिवस बाहेर येतो,
तोही दाखवायला.
अड्यारचा वॉचमन बावीस अंशाला कानटोपी घालतो.
इथं पौषात, दारात पिळलेल्या म्हशीच्या दुधाचा पेला
दोन्ही हातांनी धरावा लागतो.

एका पुराच्या रात्री, मेणबत्तीवर,
भाच्याचा जुना नकाशा उघडून बसलो.
ढग ताईच्या समुद्रावरचे.
गगनबावड्याला अडतात, आमच्या कौलांवर रिकामे होतात.
तेच पाणी पंचगंगेतनं वाडीला कृष्णेत,
आणि तिथनं पूर्वेला,
कल्याणीच्या समुद्राकडं.
म्हणजे एकीचं आभाळ दुसरीच्या दारी पोचवायचं,
एवढंच आमच्या गावाचं काम.
मला भरून आलं. लगेच फोन लावला.
"तुझ्या नळालापण कृष्णेचं पाणी येतं म्हणे."
"नळ कुठला रे? टँकर येतो.
आणणाऱ्याचं नाव सेल्वम.
आज आलेला नाही."

यंदा एक खोड काढली.
बरणीसोबत पावशेराची एकेक पुडी, सुती कापडात.
खायची नाही. फडताळात ठेवायची,
सांगेन तेव्हा वजन करायची.
तिसरी पुडी इथं, आमच्या फळीवर.

श्रावण: ताई दोनशे त्रेसष्ट ग्रॅम. कल्याणी दोनशे एकावन्न.
मार्गशीर्ष: ताई दोनशे चोपन्न.
कल्याणी दोनशे पासष्ट, "आणि वास कसातरीच येतोय."
तेरा ग्रॅम पश्चिमेची हवा,
पंधरा ग्रॅम पूर्वेची,
वहीत लिहून ठेवली, तारखेसकट.

आता आपली, म्हणून फळीवर हात फिरवला.
फळी रिकामी.
"आई, पुडी?"
"ती व्हय? परवाच्या झुणक्यात घातली."
तवा पुसता पुसता म्हणाली,
"पोरींनाही सांग,
चटणी ठेवायची नसते.
मोजत बसलात तर खाणार कधी?"